बांडी वाचली, काळी गेली: ढेबेवाडी खोऱ्यातलं घाणेरीच्या विषबाधेचं एक प्रकरण

पाटण तालुक्यात वांग नदीच्या काठाने ढेबेवाडीच्या वर गेलं की शेत संपतं तिथे डोंगर सुरू होतो, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात घाणेरी माजलेली असते. कुणी तिला टणटणी म्हणतं. या पट्ट्यातल्या एका वाडीत जूनच्या पहिल्या आठवड्यात घडलेलं हे प्रकरण आहे. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते, पण चरण्याजोगं गवत अजून उगवायचं होतं. कडबा संपत आला होता. डोंगराकडेला हिरवं असं काही असेल तर ती एकटी घाणेरी.

गोठ्यात चार जनावरं. दोन संकरित होल्स्टीन गाई, फलटण भागातून तीन महिन्यांपूर्वी विकत आणलेल्या. पैकी एक बांडी, म्हणजे पाठीवर आणि मानेवर काळे पट्टे, बाकी अंग पांढरं. वजन अंदाजे ३८० किलो, दुसऱ्या वेताची, दोन वेळचं मिळून ९ लिटर दूध. दुसरी काळीभोर, कपाळावर बोटभर टिळा आणि कासेपाशी थोडा पांढरा डाग. वजन साडेचारशेच्या घरात, आठ महिन्यांची गाभण, आटवलेली. शिवाय घरच्याच गाईला झालेली खिलार बैलांची जोडी.

पशुवैद्य म्हणून मला निरोप आला तो असा: "बांडीला लम्पी झालाय, अंग सोलपटलंय." २०२२ च्या साथीनंतर आपल्याकडे जनावराच्या अंगावर काहीही उठलं की पहिला शब्द लम्पी हाच येतो, आणि त्यात लोकांची चूकही नाही. शेजाऱ्यांनी आपली गुरं लांब बांधली होती. एकाने तर कुणी तरी गरम पाणी किंवा ॲसिड टाकलं असणार, असा संशय घेऊन जुन्या भांडणाची आठवण काढली होती.

बांडी गोठ्याबाहेर आंब्याखाली बांधलेली होती. ऊन सरकलं की तीही दाव्याच्या लांबीएवढी सरकायची. डोकं झटकत होती, मागच्या पायाने कास खाजवायचा प्रयत्न करत होती. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती चट्ट्यांची कड. पांढऱ्या भागावरची कातडी लाल, सुजलेली, काही ठिकाणी पाणी सुटून केस चिकटलेले. आणि जिथे काळा पट्टा सुरू होत होता तिथे सूज एकदम थांबत होती. बोट पांढऱ्यावरून काळ्याकडे नेलं तर कड हाताला लागत होती: अलीकडे गरम, जाड, दाबलं की गाय अंग चोरते, पलीकडे मऊ, थंड, नेहमीसारखी. नाकपुड्यांमधला गुलाबी भाग भेगाळला होता, पापण्या सुजल्या होत्या, कानाच्या पांढऱ्या पाळीची कड वाळून वर वळली होती. सडांवर खपल्या होत्या आणि त्यामुळे ती धार काढू देत नव्हती.

लम्पी रंग पाहून येत नाही. लम्पीच्या गाठी काळ्या कातडीवरही उठतात, त्या घट्ट आणि गोल असतात, सोबत ताप असतो, खांद्यापुढच्या लसिका गाठी सुजतात. इथे ताप १०१.६ फॅरनहाइट, म्हणजे नाहीच. लाळ्या-खुरकूत म्हणावं तर जिभेवर फोड नाही, खुरांच्या बेचक्या स्वच्छ. ॲसिड पट्ट्याची कड सांभाळून सांडत नाही. पांढरं तेवढंच भाजतं तेव्हा भाजणारं एकच असतं, ते म्हणजे ऊन. पण जूनचं ऊन याच गाईला असं का बाधावं, हा पुढचा प्रश्न.

त्याचं उत्तर कातडीवर नव्हतं. डोळ्याची पापणी उलटली तर आतून पिवळीजर्द. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली. निरोगी गाईचं मोठं पोट दोन मिनिटांत दोन-तीन वेळा लाट आल्यासारखं हलतं, इथे बराच वेळ काहीच हललं नाही. शेण दोन दिवसांपासून कमी, खडे-खडे, वर शेंबडासारखा थर. लघवी गडद पिवळी. रवंथ बंद. दूध ९ लिटरवरून चार, मग दोन. घरच्यांनी आधी गोडं तेल पाजलं होतं, मग पोटाची पावडर. कातडीचा त्रास त्यानंतर सुरू झाला, हे घरच्या काकींनी नीट सांगितलं, आणि क्रम सांगणारं माणूस घरात असणं ही अर्धी तपासणी असते.

कावीळ म्हटली की आपल्या भागात संकरित गाईत पहिला संशय गोचीड तापाचा, म्हणजे थायलेरियाचा, आणि दुसरा बबेसियाचा. दोन्ही गोचिडांवाटे येणारे रक्तातले परजीवी. दोन्हींत ताप चढतो, बबेसियात लघवी कॉफीच्या रंगाची होते. रक्ताची काच करून पाहिली, परजीवी दिसले नाहीत. रक्ताचा नमुना कऱ्हाडला पाठवला. दुसऱ्या दिवशी आलेल्या अहवालात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, आणि यकृताची विकरं दोन्ही कितीतरी पटींनी चढलेली होती. पण त्याआधीच गोठ्यामागे एक चक्कर मारली होती.

बांधावरचं घाणेरीचं कुंपण आठवड्यापूर्वी छाटलं होतं. फांद्यांचा ढीग बांधाच्या कडेला, आणि गाई दुपारच्या तिथेच, लिंबाखाली, बांधलेल्या. ढिगाच्या अलीकडच्या बाजूच्या फांद्या ओरबाडलेल्या होत्या. चौकोनी, बारीक काट्यांच्या काड्या शिल्लक, पाला गायब. पलीकडच्या बाजूला, दाव्याची लांबी पोचत नव्हती तिथे, खरखरीत पाला सुकून तसाच. एक पान चुरगाळून मालकांच्या, म्हणजे आबांच्या, नाकाशी धरलं. "ही तर गुरं खात न्हाईत," ते म्हणाले. "म्हणून तर कुंपणाला लावतोय."

हे खरंच आहे, आणि गोंधळ इथेच होतो. डोंगरकडेला वाढलेलं जनावर सहसा घाणेरीला तोंड लावत नाही. या घरच्या बैलांनी त्याच ढिगाशेजारी दुपारी काढल्या, एक पान खाल्लं नाही. पण फलटणकडच्या गोठ्यात जन्मलेल्या, गव्हाणीत टाकलेलं ते खायचं एवढंच शिकलेल्या गाईला घाणेरी काय आणि मका काय. त्यात पोट रिकामं. नवीन आणलेलं जनावर, भुकेलं जनावर आणि दुष्काळातलं जनावर ही घाणेरीची नेहमीची गिऱ्हाइकं. वजनाच्या साधारण एक टक्का पाला पोटात गेला तरी गाईला बाधा होऊ शकते. चारशे किलोच्या गाईला तो चार किलो होतो, आणि भुकेली गाय तेवढा बसल्या जागी संपवते. पाला वाळला म्हणून विष जात नाही. सगळ्या घाणेऱ्या सारख्याच विषारी असतात असंही नाही. फुलांच्या रंगाप्रमाणे जाती आहेत, आणि लाल फुलांच्या जाती जास्त घातक म्हणून ओळखल्या जातात. या कुंपणाची फुलं नारिंगी-लाल होती.

घाणेरी मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून इथे आणली गेली आणि मग तिने हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत जागा बळकावली. जनावरांवरच्या तिच्या विषाचा आपल्याकडे पुष्कळ अभ्यास झाला तो भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या हिमाचलातल्या पालमपूर केंद्रात. तिथलीही अडचण आपलीच: डोंगर, कमी वैरण आणि हिरवीगार घाणेरी.

विषाचं नाव लँटाडीन. ते यकृतात पोचलं की पित्त वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या निकामी करतं, पित्ताशय हलेनासं होतं, पित्त तुंबतं. इथवर ही कावीळ झाली. उन्हाचा संबंध येतो तो हिरव्या चाऱ्यामुळे. चाऱ्यातलं हरितद्रव्य मोठ्या पोटातले जिवाणू फोडतात आणि त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं. हे प्रत्येक गाईत रोज होतं. निरोगी यकृत ते रक्तातून उचलून पित्तावाटे बाहेर टाकतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पित्त तुंबलं की ते रक्तात साठतं आणि कातडीपर्यंत जातं. तिथे उजेड पडला की ते उजेडाची ताकद पकडून आजूबाजूच्या पेशी जाळतं. काळ्या कातडीतला रंग उजेड वरच्या वर अडवतो. पांढऱ्या कातडीत अडवणारं कुणी नाही.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. पांढरे केस म्हणजे पांढरी कातडी नव्हे. खिलाराचे केस पांढरे, पण खाली कातडी बहुतेक काळसर असते, म्हणून तो दिवसभर उन्हात औत ओढतो. होल्स्टीनच्या पांढऱ्या डागाखाली कातडीही गुलाबी असते. केस पाण्याने ओले करून फाकवले की लगेच दिसतं.

काळीकडे पाहिलं ते परत येताना. ती गोठ्याच्या टोकाला उभी होती, अंगावर ओरखडा नाही, कातडी तुकतुकीत. पुढ्यात कडब्याची पेंडी, दोन-चार काड्या चघळल्यासारख्या. पापणी उलटली तर बांडीपेक्षा जास्त पिवळी. मोठं पोट पूर्ण ठप्प, हाताला आतला माल पिठाच्या गोळ्यासारखा घट्ट. शेण दीड दिवस नाही. दोन्ही एकत्र बांधल्या तर ढीग आधी कोण खातं, असं विचारलं तेव्हा काकी हसल्या: काळी बांडीला शिंगाने हाकलते, आधी स्वतः खाते. कासेपाशी जो थोडा पांढरा डाग होता तो तेवढा लाल झाला होता. एरवी तो कुणी पाहिलाही नसता.

घाणेरीच्या विषबाधेत कातडी सांगते ती एवढंच की यकृत बिघडलंय. किती बिघडलंय ते ती सांगत नाही. काळी कातडी तर तेही सांगत नाही. म्हशीने घाणेरी खाल्ली तरी हीच अडचण: सोलपटलेली कातडी शोधत बसलं तर म्हैस मरेपर्यंत काही सापडायचं नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. पोट थांबल्यामुळे पाला तिथेच पडून राहतो आणि त्यातलं विष थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. गाय ढिगापासून चार दिवस लांब असली तरी ढीग तिच्या पोटात असतो. म्हणून मलम, सलाइन आणि यकृताचं टॉनिक एवढ्यावर भागत नाही, पोटातलं विष बांधून टाकावं लागतं. त्यासाठी सक्रिय कोळसा, किलोमागे ५ ग्रॅम, म्हणजे या गाईंना दोन किलोच्या आसपास, क्षारांच्या वीसेक लिटर पाण्यात कालवून नळीने थेट पोटात. चुलीतला कोळसा कुटून हे काम होत नाही. त्यात विष धरून ठेवणारी छिद्रं तेवढी नसतात. कोळसा न मिळाल्यास बेंटोनाइट माती, तीच जी अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात, तितक्याच प्रमाणात चालते. गुण थोडा सावकाश येतो. अगदी नाइलाज झाला तर मोठं पोट चिरून माल बाहेर काढायचा, पण आठ महिन्यांच्या गाभण गाईत त्या गोठ्यात ते करण्यासारखं नव्हतं.

गाडीत कोळसा होता तो एका गाईपुरता. संध्याकाळचे सात वाजलेले, ढेबेवाडीतलं हार्डवेअरचं दुकान बंद, औषधाच्या दुकानात कोळसा नाही. निम्मा-निम्मा दिला तर दोघींनाही अपुरा. माझं म्हणणं काळीला द्यावा असं होतं.

"काय झालंय तिला, डॉक्टर? दिसाया तर ठणठणीत हाय. आधी बांडीचं बगा. डेअरीला दूध तिचं जातंय."

"आबा, दिसण्यावर जाऊ नका. पोट बघा तिचं. बांडीपेक्षा हिची अवस्था वाईट आहे."

"आन् बांडी गेली तर सोसायटीचा हप्ता कशावर भरू?"

याला पशुवैद्यकात उत्तर नाही. बांडीची कातडी पाहून घरातली लेकरंही रडवेली झाली होती, आणि तिला काही न देता सगळं औषध शेजारच्या तुकतुकीत गाईला पाजायचं, हे कुणालाही पटणं अवघडच. गाय त्यांची, पैसे त्यांचे. कोळसा बांडीला दिला. काळीला त्या रात्री जुलाबाचं औषध, शिरेतून ग्लुकोज-सलाइन आणि ब जीवनसत्त्व एवढंच. कऱ्हाडहून कोळसा आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

दोघींना गोठ्याच्या आतल्या खणात हलवलं, उजेडाच्या बाजूला गोणपाटं टांगली. आभाळ भरून आलं होतं म्हणून "आता बाहेर बांधली तर चालंल का" असं विचारणं झालं. नाही चालत. ढगाळ उजेडही या रंगद्रव्याला पुरतो. पाय मोकळे करायचे ते दिवस मावळल्यावर. यापेक्षा अवघड गेलं ते हिरवा चारा बंद करणं. आजारी गाईला लुसलुशीत हिरवं घालणं ही माया आहे, काकी घास कापून घेऊनच आल्या होत्या. पण त्या घासातल्या हरितद्रव्यापासूनच तर ते जाळणारं द्रव्य होतं. कडबा, थोडा कोंडा, गुळाचं पाणी, बस्स. जखमांना झिंकचं मलम, कडेने माशा न बसण्याचा फवारा, कारण जूनमध्ये अशा कातडीत दोन दिवसांत अळ्या पडतात. जिवाणूंचा संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक, आणि त्याचा काळ संपेपर्यंत जे काही दूध निघेल ते डेअरीला घालायचं नाही. सूज-दुखीच्या इंजेक्शनात हात आखडता ठेवला. यकृत आधीच आडवं पडलेलं असताना त्याच्यावर औषधांचा आणखी भार नको.

बांडीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पातळ काळं शेण टाकलं. तिसऱ्या दिवशी पोट हलायला लागलं. शेजारच्या निरोगी म्हशीच्या पोटातलं पाणी नळीने काढून तिला पाजलं, जिवाणूंचं विरजण लागावं म्हणून, आणि त्यानंतर तिने रवंथ धरला. डोळ्यांचा पिवळेपणा ओसरायला दोन आठवडे गेले. कातडी मात्र बरी होण्याआधी आणखी वाईट दिसली. पांढऱ्या भागाचे चामड्यासारखे कडक तुकडे सुटून पडले, खाली लाल मांस. या टप्प्यावर लोक धीर सोडतात आणि गाईला बाजार दाखवतात. खरं तर आतून सावरलेली गाय या टप्प्यावर वाचलेली असते. पाठीवरची कातडी भरून आली, कानाची एक पाळी झडून गेली.

काळीला कोळसा मिळाला तरी पोट सुटलं नाही. दुसरी मात्रा दिली. खाणं बंदच राहिलं, चौथ्या दिवसापासून ती बसून राहिली, वासरू पोटात मेलं, आणि आठवड्याच्या आत ती गेली. कातडी शेवटपर्यंत तुकतुकीत.

शवविच्छेदन करायला घरचे तयार झाले, हे त्यांचं मोठेपण. यकृत सुजलेलं, गेरू-हळदीच्या रंगाचं. पित्ताशय एरवीपेक्षा कितीतरी मोठं, फुगून ताणलेलं, दाबूनही पित्त पुढे सरकत नव्हतं. मूत्रपिंडं सुजलेली, फिकी. आणि मोठ्या पोटात, कोळशाच्या काळ्या लगद्याखाली, सुकलेला घट्ट माल. त्यातून कातरलेल्या कडेची खरखरीत पानं चिमटीत धरून बाहेर काढली, पाण्यात धुतली आणि आबांच्या हातावर ठेवली. वास अजून गेला नव्हता.

कोळसा त्या रात्रीच काळीला मिळाला असता तर ती जगली असती का? तिने खाल्लं जास्त होतं, आणि पहिले चार दिवस आजारी म्हणून कुणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. माझं मत विचाराल तर ते चार दिवस त्या एका रात्रीपेक्षा महाग पडले. बांडीची कातडी चौथ्या दिवशी ओरडली म्हणून बोलावणं तरी आलं. गोठ्यात दोन्ही गाई काळ्या असत्या तर पोट धरलंय म्हणून तेल पाजणंच चालू राहिलं असतं.

उन्हाने पांढरी कातडी भाजण्याचं कारण दर वेळी घाणेरीच असेल असं नाही. सराटा, म्हणजे गोखरू, खाऊन मेंढ्यांचं यकृत असंच बिघडतं, डोकं सुजतं, कावीळ होते. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपल्या माण, आटपाडी, जतच्या माळावर सराटा उदंड, तेव्हा मेंढ्यांच्या कळपात पावसानंतर सुजलेली डोकी दिसली तर पायाखाली काय उगवलंय ते एकदा पाहावं. न्यूझीलंडमध्ये कुरणातल्या गवतावरच्या बुरशीमुळे हेच होतं. काही वनस्पती तर यकृताला न दुखावता थेट कातडीच उन्हाला हळवी करतात. तिथे डोळे पिवळे नसतात, आणि फरक तिथेच ओळखायचा.

बांडी महिनाभराने सहा लिटरवर आली. उजवा मागचा सड खपलीखाली आखडला तो कायमचा बंद पडला, बाकीचे तीन चालू आहेत. आबांनी आपल्या बाजूची घाणेरी मुळासकट उपटून त्या जागी निरगुडी लावली, फांद्या गोठ्यापासून लांब खड्ड्यात गाडल्या. बांध सामाईक आहे, पलीकडे चुलतभावाची घाणेरी अजून तशीच उभी आहे. ती काढायला तो तयार नाही, पण छाटली तर फांद्या त्याने पलीकडेच टाकायच्या, एवढं दोघांत ठरलंय.